शेवटच्या घराचं पाणी

माझा हात तोंडाच्या आधी चालतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. सुलतान बाजारात कापडवाल्यांची रांग संपते तिथून आत वळलं की आमची गल्ली. रुंदी एवढीच की समोरासमोरच्या दोन बायकांनी आपापल्या उंबऱ्यात बसून एकाच सुपातले तांदूळ निवडावेत. अकरा घरं, नळाची एकच लाइन, आणि पाणी एक दिवसाआड, तेही संध्याकाळी पाच ते सव्वासहा. भांडणं झाली नसती तरच नवल. मी भामा, या गल्लीत सून म्हणून आले त्याच वर्षी दोन सख्ख्या भावांनी पाण्यावरून एकमेकांची डोकी फोडली होती, आणि मग एकाच रिक्षात बसून दोघं टाके घालायला गेले होते.

त्या दिवसापासून भगवंतरावांनी नियम घातला. भगवंतराव म्हणजे पाच नंबरचे, शाळेतले निवृत्त ड्रिल मास्तर. नियम साधा होता: शेवटचं घर पहिलं. पाणी गल्लीच्या तोंडाकडून येतं, त्यामुळे तोंडाजवळच्यांनी आधी तोट्या उघडल्या तर टोकाला धार पोचतच नाही. म्हणून आधी अकरा नंबरने भरायचं, मग दहाने, मग नऊने. आपला नंबर पुकारला जाईपर्यंत तोटीला हात लावायचा नाही. गल्लीच्या तोंडाशी जमिनीत एक व्हॉल्व्ह आहे. तो उघडायची लोखंडी चावी तीन हात लांब, वर आडवी मूठ असलेली, भगवंतरावांकडे असायची. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली. म्हणाले, "भामाबाई, तुमचा आवाज मोठा आहे." गल्ली हसली. मी नाही हसले. मला फार अभिमान वाटला.

चावी हातात आल्यावर मी कुणाची गय केली नाही. आठ नंबरच्या नीलिमाने एकदा पाळी नसताना तोटी उघडली. मी चावीने अशी ठोकली की ती पुन्हा कधी उभी राहिली नाही. तिची कळशी म्हणते मी, नीलिमा नव्हे. सहा नंबरचा भाडेकरू माझ्या अंगावर धावून आला, त्याच्या नडगीवर आजही खूण आहे. पण तोवर बारा वर्षांत एकदाही शेवटचं घर कोरडं राहिलं नाही, हेही खरंच. म्हणून तर मी प्रणिताच्या वडिलांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

प्रणिता भालकीची, माझ्या माहेरच्या शेजारची पोर. अकरा नंबरच्या गौतमसाठी मीच तिचं स्थळ आणलं. गौतम ऑटो चालवतो, मुलगा चांगला. तिचे वडील गल्ली बघायला आले, वर आभाळाची पट्टी बघितली, खाली गटार बघितलं आणि म्हणाले, "शेवटचं घर हाय बाई. पाण्याचं कसं?" मी म्हटलं, "पाण्याची जबाबदारी माझी. चावी माझ्या हातात आहे." मला मूलबाळ नाही. प्रणिता आली आणि दुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसायला लागली, तेव्हा मला वाटलं, चला, उशिरा का होईना, देवाने घर भरलं.

त्या सुमारास सगळीकडेच काहीतरी नवीन येत होतं. बाजारापलीकडच्या कोठी भागातल्या दुकानांत रंगीत टीव्ही हप्त्याने मिळायला लागले, घराघरांत केबल आली, आणि ज्याला त्याला काँप्युटर शिकायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी एक नंबरचं घर कुणा विजयवाड्याच्या माणसाने घेतलं, पाडलं आणि दसऱ्याला तिथे चार मजली हॉस्टेल उभं राहिलं. साठ पोरं. रात्रंदिवस दाराशी मोटारसायकली, दोरीवर साठ बनियनी, आणि आमच्या वाट्याला होता तेवढा उजेडही गेला. त्याच दसऱ्याला आमच्या घरीही नवी वस्तू आली. आमच्या ह्यांनी, एकनाथरावांनी, कपडे धुवायचं मशीन आणलं. हे कॉलेजात लॅब असिस्टंट. बोलणं कमी, हात कुशल. मी गल्लीभर मिरवलं. अकरा घरांत पहिलं मशीन माझं होतं.

आणि दिवाळी सरली न सरली तोच शेवटचं घर कोरडं पडायला लागलं.

आधी धार बारीक झाली. मग पाच मिनिटं यायची आणि थांबायची. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, घरोघरी जाऊन तोट्या तपासल्या, सगळ्या बंद. तरी अकरा नंबरला पाणी नाही. भगवंतराव म्हणाले, "कुणीतरी लाइनीला मोटर लावली आहे. पाणी ओढतोय." मग त्यांनी मला नळवाल्यांची युक्ती शिकवली. चावीचं टोक पाइपावर टेकवायचं आणि मुठीला कान लावायचा. गळती असली तर सळसळ ऐकू येते, मोटर असली तर घुंघुं. मी गल्लीच्या तोंडाशी, हॉस्टेलसमोर, पाइपाला चावी लावली. घुंघुं ऐकू आलं. स्वच्छ आलं. मला आणखी कुठे कान लावायची गरज वाटली नाही. साठ पोरं, चार मजले, परका मालक. चोर कोण हे शेंबडं पोरही सांगेल.

मी हॉस्टेलच्या स्वयंपाक्याला दोनदा बजावलं. यादगिरी त्याचं नाव, नलगोंड्याकडचा, पन्नाशीचा, काडीसारखा माणूस. तो दोन्ही वेळा हात जोडून म्हणाला, "अम्मा, वो मोटर हमारे बोरिंग का है. लाइन कू नै लगाया." मी म्हटलं, "मेरे कू नक्को सिखा." घरी येऊन मी ह्यांच्याजवळ तडतडले. हे टीव्ही बघत होते. हल्ली पाणी यायच्या वेळेला हे टीव्ही फार मोठ्याने लावायचे. म्हणाले, "जाऊ दे गं. एवढं काय मनाला लावून घेतेस." आमचे ड्रम मात्र काठोकाठ भरलेले असायचे. मी तासभर गल्लीत उभी, घरात भरायचं काम ह्यांचं. आधी मी परत यायची तेव्हा निम्मेच भरलेले असत, वर ह्यांची धाप. आता ड्रमही भरलेले आणि माणूसही निवांत. साठीला आला आणि सुधारला, असं मला वाटलं होतं.

मार्गशीर्षातली ती संध्याकाळ. प्रणिताला सातवा महिना. तिसऱ्यांदा तिचं घर कोरडं राहिलं होतं, म्हणून ती कोठीच्या बोअरवरून दोन घागरी घेऊन आली. मी तिला नको म्हणत होते. गौतम ऑटोवर, सासू कुसुमताई गुडघ्यांनी लाचार. घरात पाणी नाही म्हटल्यावर बाई काय करणार? सात नंबरच्या पायरीशी तिचा पाय घसरला. घागरी दोन्ही बाजूंना गेल्या आणि ती मधे, पोटावर. मी दहा पावलांवर होते. तिने मारलेली हाक अजून माझ्या कानात आहे. "काकू!"

फरशीवर पाणी होतं, पाण्यात रक्त होतं. नीलिमाने तिला उचललं, कुणीतरी गौतमला बोलवायला धावलं. आणि मी? मी तिच्याकडे गेले नाही. मी चावी उचलली आणि उलट्या दिशेला धावले.

हॉस्टेलच्या मागच्या बाजूला स्वयंपाकघर. यादगिरी परातीत वांगी चिरत बसला होता. शेजारी हौद, हौदावर मोटर. पहिला घाव मी मोटरवर घातला, तिचं झाकण उडालं. तो ओरडत उठला, "नक्को अम्मा, मालिक मेरे कू निकाल देगा!" आणि त्याने मोटरवर आडवा हात घातला. त्याने हात घातलेला मला दिसला. हे मी आज लपवणार नाही. मला दिसला आणि मी थांबले नाही. दुसरा घाव त्याच्या मनगटावर बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो खाली बसला आणि आपल्याच हाताकडे बघत राहिला. हात भलतीकडेच वळला होता.

माझ्यामागून गल्ली आत घुसली होती. गौतम आला, त्याने बसलेल्या यादगिरीच्या छातीत लाथ घातली. आणखी एक घातली. म्हातारा वांग्यांत आडवा झाला. कुणीतरी भाताचं पातेलं उलथं केलं, गरम पेज जमिनीवरून वाहिली, अनवाणी होते ते किंचाळले. मग वरून पोरं उतरली. कुणाच्या हातात बॅट, कुणाच्या हातात खुर्चीचा पाय. चार हात रुंदीच्या गल्लीत मारामारी म्हणजे काय, हे पाहिल्याशिवाय कळायचं नाही. मागे सरायला जागाच नसते. ज्याला मारायचं त्याच्या छातीला आपली छाती. चष्म्याचे पोरगे, आईला पत्रं लिहिणारे, आमच्या लोकांना भिंतीवर दाबून गुद्दे घालत होते. आमचे लोक त्यांचे केस धरून डोकी पायरीवर आपटत होते. भगवंतराव "थांबा, थांबा" म्हणत मधे आले, त्यांचा चष्मा फुटून भुवईत काच गेली. सहा नंबरच्याने एका पोराचा कान चावून फाडला. मी चावी फिरवत होते, आणि माझ्याभोवती तेवढी मोकळी जागा झाली होती. पोलिसांची शिट्टी ऐकू आली तेव्हा सगळे आपापल्या दारात पळाले. गल्लीत चपला, काचा, दोन दात आणि चुरडलेली वांगी उरली.

खरं सांगते, मला बरं वाटलं. मी हात धुतले, पोळी-भाजी खाल्ली. हे ताटावर बसले होते पण घास उचलत नव्हते. "त्या माणसाचा हात मोडला म्हणतात," हे म्हणाले. मी म्हटलं, "चोराचा मोडला." हे पानावरून उठले. मी गाढ झोपले.

प्रणिताचं बाळ वाचलं. डॉक्टरांनी तिला बाळंतपणापर्यंत अंथरुणावरून उठायचं नाही असं सांगून तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं. यादगिरीने पोलिसांत माझं नाव घेतलं नाही. मालकाला कळलं तर नोकरी जाईल, म्हणून तो पायरीवरून पडलो म्हणाला. मला त्याचंही काही वाटलं नाही. मी वाट बघत होते पाण्याच्या दिवसाची. आज अकरा नंबरला धार लागेल आणि प्रणिता ती पडल्या पडल्या ऐकेल, एवढंच माझ्या मनात होतं. सगळी गल्ली बाहेर आली होती. कुणाच्या डोक्याला पट्टी, कुणाचा हात गळ्यात, पण चेहऱ्यावर विजय. पाचला मी व्हॉल्व्ह उघडला आणि तरातरा टोकाला गेले. कुसुमताईंनी तोटी फिरवली.

दोन मिनिटं धार आली. मग करंगळीएवढी झाली. मग थांबली. मी तोटीला तळवा लावला, तर तोटी तळवा आत ओढत होती.

हॉस्टेलची मोटर मी फोडली होती, तिचे तुकडे अजून कचऱ्यात होते. प्रणिता आतून म्हणाली, "आलं का हो काकू?" मी चावी पाइपाला लावली आणि कान टेकवला. घुंघुं. मी दहा नंबरला गेले, कान लावला. नऊ, आठ, सात. प्रत्येक दारात आवाज थोडा थोडा मोठा होत होता. गल्ली माझ्यामागून चालत होती. पाच नंबरला भगवंतराव भुवईला पट्टी लावून उभे होते, ते बाजूला झाले. चार नंबर. आणि मग पुढच्या दारात मी चावी टेकवली, तर आवाज कानात नाही, दातांत आला.

तीन नंबर. माझं घर. आत टीव्ही मोठ्याने चालू होता.

बारा वर्षं पाण्याच्या त्या सव्वा तासात मी कधी माझ्या घरात नव्हते. सगळ्या गल्लीच्या तोट्या मी तपासल्या होत्या, माझी सोडून. तिथे तपासण्यासारखं काय असणार, असं मलाच काय, गल्लीतही कुणाला वाटलं नव्हतं.

मी दार ढकललं. मोरीत, कपड्यांच्या मशीनमागे, गोणपाटात गुंडाळलेली नारळाएवढी मोटर होती. हे बटणावर बोट ठेवून उभे होते. मला बघून त्यांनी बटण बंद केलं. टोकाकडून, अकरा नंबरमधून, कुसुमताईंचा आवाज आला, "आलं, आलं, पाणी आलं!"

मी त्यांच्या तोंडात मारली. चष्मा उडाला. दुसरी मारली. दारात सगळी गल्ली होती, मधे कुणी पडलं नाही. मग मी चावी उचलली, तेव्हा हे भिंतीला टेकले, पण हात वर केले नाहीत. मी मशीनवर घातली. एकदा, दोनदा, किती वेळा ते आठवत नाही. पत्रा चेपला, काच फुटली, साबणाचं पाणी पायावर आलं. मोटर मी पाइपासकट उपटली आणि गल्लीत फेकली.

"हर्नियाचं ऑपरेशन झालं माझं," हे हळू म्हणाले. "तू गल्लीची राखण करतेस. घरात बादल्या कोण उचलणार? तुला सांगितलं असतं तर तू मला गल्लीसमोर उभं केलं असतंस. भीती वाटली."

"आणि ती पडली तरी तुम्ही बोलला नाहीत? आज परत बटण दाबलंत?"

"आज बंद ठेवली असती तर ड्रम निम्मेच राहिले असते, तुला कळलं असतं की..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. ओठातून रक्त येत होतं ते पुसलं. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, "मोटर मी लावली, भामा. चूक माझी. पण त्याचा हात मी नाही मोडला."

मी हातातल्या चावीकडे बघितलं.

भगवंतरावांनी हात पुढे केला. मी चावी दिली. त्यांनी ती मागे उभ्या असलेल्या नीलिमाकडे दिली. तिने ती घेतली आणि व्हॉल्व्हकडे गेली. "दहा नंबर!" तिने पुकारलं. आवाज तिचाही मोठा आहे, एवढ्या वर्षांत मला कधी कळलं नव्हतं.

आठवड्याने गौतमने अंबरपेठेत दोन खोल्या घेतल्या. तिथे चोवीस तास बोअर आहे म्हणे. ऑटोत मागे गादी घालून प्रणिताला निजवलं. मी ऑटोच्या दांडीला धरून उभी राहिले. म्हटलं, "पोरी, पाण्याचं आता सुरळीत झालंय. थांब ना." ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. म्हणाली, "काकू, मी तुम्हाला हाक मारली होती. तुम्ही माझ्याकडं आलाच नाय. मारायला गेलाव." ऑटो सुरू झाली, मी दांडी सोडली.

घरात मला बसवेना. मी हॉस्टेलमधे गेले. जिन्याखाली यादगिरीची खोली, खोली कसली, बीळ. हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. मला बघून तो उठून उभा राहिला, पाठ भिंतीला. "अब क्या होना, अम्मा?" आता आणखी काय हवंय, असं विचारत होता. मी म्हटलं, मेरे से गलती हुई. हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते, आणि तेही दुसऱ्याच्या भाषेत. मग त्याच्याकडूनच कळलं की मालक चार दिवसांनी येणार आहे आणि स्वयंपाक करता येत नसेल तर दुसरा माणूस ठेवणार आहे. पोरं तोवर रस्त्यावरच्या बंड्यांवर, हातगाड्यांवर, खात होती.

"मैं पकाती," मी म्हटलं. "तुम बोलते जाओ."

साठ माणसांचं रांधणं मी कधी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. तो तेलाच्या डब्यावर बसून सांगायचा, पप्पूला, म्हणजे त्यांच्या वरणाला, चिंच किती, चारूला, म्हणजे साराला, मिरी किती, भात कधी उतरायचा. मी करायची. माझे हात भाजले, खांदे भरून आले. पोरं पंगतीला बसायची आणि मी वाढायला गेले की गप्प व्हायची. एकाच्या कानाला टाके होते. तो ताट उचलून लांब जाऊन बसायचा. मालक आला, जेवला, म्हणाला, चारू मस्त झालंय. यादगिरीची नोकरी राहिली. मला वाटलं, चला, थोडं तरी फिटलं.

पाचव्या दिवसाची गोष्ट. पप्पू उतू जायला आला होता. मी घाईने मोठी पळी उचलली. लोखंडी, लांब दांड्याची. मी पातेल्याकडे वळणार, एवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. तेलाचा डबा आडवा झाला होता. यादगिरी जमिनीवर होता, गुडघे पोटाशी, प्लास्टरचा हात पोटाखाली दडवलेला आणि दुसरा हात डोक्यावर.

पप्पू उतू गेला, चूल विझली. मी पळी खाली ठेवली. अगदी हळू ठेवली, आवाज होऊ दिला नाही. मी त्याला उठवायला हात पुढे केला, तर तो तसाच पडल्या पडल्या मागे सरकला.

मी हात मागे घेतला. मग दोन्ही हात पदराखाली घेऊन मी भिंतीशी जाऊन बसले, आणि तो आपण होऊन उठेपर्यंत हलले नाही.